चार अक्षरांतले कष्ट

चिनी भाषेच्या पाचव्या पातळीपर्यंत माणूस बऱ्यापैकी मजेत पोचतो. भाजी घेता येते, बँकेत खातं उघडता येतं, डॉक्टरला कुठे दुखतंय ते सांगता येतं. सहावीची, म्हणजे 'एचएसके ६' या परीक्षेची तयारी सुरू केली की छंगयू आडवे येतात. छंगयू म्हणजे बहुतेक करून चार अक्षरांचे, शेकडो वर्षांपूर्वी घट्ट झालेले वाक्प्रचार. चारही अक्षरं सुटी सुटी ओळखीची असून उपयोग नसतो. त्यांच्यामागे कुठला तरी हरलेला राजा किंवा दरिद्री विद्यार्थी उभा असतो, आणि तो कोण हे ठाऊक नसेल तर वाचन तिथेच अडतं.

२०२३ च्या शरद ऋतूत मी झेजियांग प्रांतातल्या जिनहुआ शहरात भाषेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला गेले. भारतातून थेट विमानं तेव्हा बंद होती, त्यामुळे हाँगकाँगचा वळसा. पोचले तेव्हा हांगझोऊला एशियाड चालू होतं. आमच्या वर्गात एक इराणी मुलगा होता, आणि कबड्डीच्या अंतिम सामन्यात जो तासभर वाद झाला त्यानंतर आम्ही दोघं काही दिवस एकमेकांशी फक्त व्याकरणावर बोललो.

छंगयू शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली एक फाइल आम्हाला दिली, विषयवार लावलेली : मैत्री, ऋतू, युद्ध, पैसा, कष्ट. कष्टांचा भाग सगळ्यात जाड. आरामाला जेमतेम अर्धं पान, आणि त्यातलेही बहुतेक आळशाला घातलेल्या शिव्या. बाईंचे नियम दोन. गोष्ट उभं राहून सांगता येत नसेल तर छंगयू लिहायचा नाही. आणि तो कोण, कोणाबद्दल म्हणतं हे बघून ठेवायचं. पहिला नियम मला तेव्हाच पटला. दुसऱ्याचं महत्त्व कळायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर वर्षभर मी शिकले तो तोच.

सुरुवात विद्यार्थ्यांपासून झाली. 'श्वान ल्यांग त्स् गू' : तुळईला टांगणं, मांडीला टोचणं. यात दोन वेगळी माणसं आहेत. हान काळातला सुन जिंग रात्री वाचताना डुलकी लागू नये म्हणून केस दोरीने तुळईला बांधायचा. मान खाली गेली की टाळूला हिसका. दुसरा सू छिन, त्याच्याही आधीचा, युद्धमान राज्यांच्या काळातला. तो झोप आली की मांडीत आरी खुपसायचा. मी हात वर करून सांगितलं की आमच्याकडेही जुन्या काळी मुलं शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करत असं सांगतात. शेंडी म्हणजे काय हे कोणालाच कळेना. शेवटी बाईंनी मला फळ्यावर चित्र काढायला लावलं. माझ्या त्या चकोट डोक्याच्या बटूचे सगळ्यांनी फोटो काढले. 'शेंडी तुटो वा पारंबी तुटो' ही म्हणही मग सांगावीच लागली. ती त्यांना सुन जिंगपेक्षा जास्त आवडली.

पण बाई मांडीत आरी खुपसण्यावर थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, शाळेत ही गोष्ट अर्धीच सांगतात. सू छिन हा छिन नावाच्या राज्याच्या राजाला दहा वेळा निवेदनं देऊन आला, एकही मानलं गेलं नाही. अंगावरचा काळा फरचा डगला विरला, जवळचं सोनं संपलं, आणि तो लुओयांगला घरी परतला. बायको मागावरून उठली नाही. वहिनीने चूल पेटवली नाही. आईवडील बोलले नाहीत. आरी त्या रात्रीची. वर्षभराने तो पुन्हा बाहेर पडला, सहा राज्यांची आघाडी बांधली आणि लुओयांगवरून जाऊ लागला तेव्हा आईवडील रस्ता झाडून, वाजंत्री लावून तीस ली (अंतराचं चिनी माप) पुढे सामोरे आले. वहिनी तर जमिनीवर सरपटत आली. त्याने विचारलं, ''वहिनी, तेव्हा एवढा ताठा आणि आता एवढी नम्रता, हे कसं?'' वहिनी म्हणाली, ''भाऊजी, आता तुमचं पद मोठं आहे आणि सोनं पुष्कळ आहे.'' 'असतील शिते तर जमतील भुते' हे इतक्या सरळपणे तोंडावर सांगणारी दुसरी बाई मला कुठल्याच साहित्यात भेटलेली नाही. माझ्या लेखी ती त्या गोष्टीची नायिका आहे.

त्यानंतर प्रत्येक गोष्ट शेवटापर्यंत वाचायची मला खोडच लागली.

'झाओ बी थोउ ग्वांग', भिंत कोरून उजेड चोरणं, ही चीनमधल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या डोक्यावर आदळलेली गोष्ट. ख्वांग हंग नावाचा गरीब मुलगा, दिव्याला तेल नाही, म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीला भोक पाडून तिथून येणाऱ्या कवडशात पुस्तक धरून वाचतो. पुढे तो खरोखरच मोठा विद्वान झाला, हान साम्राज्याचा मुख्यमंत्री झाला. इथपर्यंत पाठ्यपुस्तक. त्यापुढचं हान इतिहासात आहे : त्याला मिळालेल्या जहागिरीची हद्द नकाशात चुकीची धरली गेली होती, त्यामुळे चारशे छिंग (जमिनीचं जुनं चिनी माप) जमीन जास्तीची त्याच्या पदरात पडली. चूक दुरुस्त झाल्यावरही त्याच्या माणसांनी त्या जमिनीचं धान्य गोळा केलंच. त्यात पद गेलं आणि उरलेलं आयुष्य साधा प्रजाजन म्हणून काढावं लागलं. आमच्याकडे सातबाऱ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, तेव्हा मला या प्रकरणाचं फार नवल वाटलं नाही. वर्गातल्या कझाक मुलीला मात्र धक्का बसला. ''लहानपणी शेजाऱ्याचा उजेड घेतला तेव्हाच संशय यायला हवा होता,'' असं ती म्हणाली, आणि बाई इतक्या हसल्या की तास तिथेच मोडला.

काजव्यांचंही तसंच. 'नांग यिंग यिंग श्वे'मध्ये छ यिन नावाचा मुलगा पातळ रेशमी पिशवीत काजवे भरून त्यांच्या उजेडात वाचतो आणि सुन खांग बर्फावरून परतणाऱ्या उजेडात. छिंग घराण्यातला सम्राट खांगशी चौकस बुद्धीचा माणूस. त्याने शंभर काजवे मोठ्या पिशवीत भरून पुस्तकापाशी धरले आणि अक्षर लागत नाही असं लिहून ठेवलं. याहून मजेदार एक जुना चिनी विनोद आहे. सुन खांग छ यिनला भेटायला दिवसा त्याच्या घरी जातो, तर घरचे सांगतात, तो काजवे पकडायला गेलाय. मग छ यिन परतभेटीला जातो, तर सुन खांग अंगणात हात जोडून उभा, आभाळाकडे बघत म्हणतोय, आज काही बर्फ पडेलसं दिसत नाही. ज्या लोकांनी कष्टांची एवढी आरती केली त्यांनीच हा विनोदही केला, हे फाइलमध्ये कुठे नव्हतं. बाईंनी तो तोंडी सांगितला.

सगळ्यात दचकवलं ते 'श्वेइ दी श्र छ्वान'ने. पाण्याच्या थेंबाने दगडाला भोक. शाळांच्या भिंतींवर, जिममध्ये, शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत हा सगळीकडे. आपलं 'थेंबे थेंबे तळे साचे' आठवून मी तो पुढे ढकलला होता, एवढ्यात बाईंनी सोंग काळातली गोष्ट काढली. झांग योंग हा आताच्या हुबेइमधल्या छोंगयांगचा अधिकारी. खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या एका कारकुनाच्या कपाळपट्टीखाली त्याला एक नाणं दिसलं. खजिन्यातलंच. फटक्यांचा हुकूम झाला तेव्हा कारकून चिडून म्हणाला, एका नाण्याचं काय एवढं, तू मला मारशील पण माझं डोकं उडवू शकणार नाहीस. झांग योंगने लेखणी घेऊन निकाल लिहिला : रोज एक नाणं, हजार दिवसांत हजार नाणी, दोरीने लाकूड कापलं जातं, थेंबाने दगड फुटतो. मग स्वतः तलवार घेऊन पायऱ्या उतरला आणि त्याचं डोकं उडवलं. थेंबाची आणि दगडाची उपमा त्याच्याही आधीची आहे, पण हा छंगयू लोकांच्या तोंडी बसला तो या निकालपत्राने. चिकाटीचा म्हणून जो मंत्र मुलांना देतात तो एका माणसाला मृत्युदंड देताना लिहिलेला आहे, ही गोष्ट मला आजही पचलेली नाही. आमच्या संस्थेच्या जिन्यात हा छंगयू सुंदर अक्षरात टांगलेला होता. त्याखालून जाताना मी नकळत कपाळाला हात लावायचे.

शाओशिंगला जायचं मी थंडी ओसरल्यावर ठरवलं, कारण कष्टांच्या छंगयूंचा राजा तिथला. जिनहुआहून हांगझोऊकडे निघालेली गाडी यीवू आणि मग झूजी ही स्टेशनं घेते. झूजी हे शी श्रचं गाव. ती कोण ते पुढे येईलच. हांगझोऊला गाडी बदलून शाओशिंग.

'वो शिन छांग दान' : काट्याकुट्यांवर झोपणं, पित्त चाखणं. इसवी सनपूर्व ४९४ मध्ये वू राज्याच्या फूछायने यूए राज्याच्या गौजिएनला हरवलं. फूछायचा बाप यूएशी लढताना झालेल्या जखमेने मेला होता आणि मुलाने अंगणात एक माणूस उभा करून ठेवला होता, येता-जाता 'बापाला मारणाऱ्याला विसरलास का?' असं विचारायला. सूडाची ही पद्धत मुळात त्याची, हे लोक विसरतात. पाच हजार शिपायांसह डोंगरावर कोंडला गेलेला गौजिएन शरण गेला, वूच्या दरबारात नोकरासारखा राबला. फूछाय आजारी पडला तेव्हा त्याची विष्ठा चाखून 'महाराज लवकर बरे होतील' असं भविष्य त्याने सांगितल्याचीही दंतकथा आहे. सुटून परत आल्यावर त्याने बसायच्या जागी पित्ताशय टांगलं. जेवताना, झोपताना ते चाखायचं आणि स्वतःला विचारायचं, अपमान विसरलास का? स्वतः नांगर धरला, राणीने माग धरला, ताटातलं मांस बंद. काट्याकुट्यांवर झोपणं मात्र मूळ इतिहासात नाही. ते दीड हजार वर्षांनी, सोंग काळात कधीतरी त्याला येऊन चिकटलं.

शाओशिंगमध्ये फूशान टेकडीवर 'यूए राजाचा चौथरा' म्हणून जागा आहे. इमारत अलीकडची. शाळकरी मुलांचा एक घोळका गाइडसमोर उभा होता आणि पित्ताशयाच्या जागी मुलं एकमेकांच्या तोंडापुढे चिप्सचा पुडा धरत होती. शहराने या राजाला आजही कामाला लावलेलं आहे : 'पित्त आणि तलवार' ही तिथल्या स्थानिक अस्मितेची अधिकृत घोषणा आहे. तलवार खरी आहे, फक्त ती इथे नाही. १९६५ मध्ये हुबेइत एका कबरीत सापडली, आता वुहानच्या संग्रहालयात असते. तिच्यावर आठ अक्षरं आहेत : यूएचा राजा गौजिएन याने स्वतःच्या वापरासाठी करवलेली तलवार. अडीच हजार वर्षांनंतरही पातं चकाकतं.

मला त्या चौथऱ्यावर सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते त्याचं लोकसंख्येचं धोरण. हरलेल्या राज्यात माणसंच उरली नव्हती, म्हणून त्याने फर्मान काढलं : मुलगा झाला तर दोन सुरया दारू आणि एक कुत्रा, मुलगी झाली तर दोन सुरया दारू आणि एक डुक्कर. दहा वर्षं माणसं वाढवायची, दहा वर्षं त्यांना तयार करायचं. यातलं काहीच एकट्या माणसाने पित्त चाखून होणारं नाही. वीस वर्षं बाळंतपणं कोणी काढली? आणि शी श्र. झूजीची ती कपडे धुणारी मुलगी, जिला फूछायला नादी लावण्यासाठी भेट म्हणून वूला पाठवलं गेलं. शत्रूच्या महालात तिने जे काढलं त्याला कष्ट म्हणायचं नाही तर काय? पण तिच्या नावावर जेवढे छंगयू आहेत ते सगळे रूपाचे : तिला बघून मासे पोहायचं विसरले, तिची कपाळाला आठी घालायची ढब शेजारणीने उचलली आणि हसं करून घेतलं. कष्टांच्या जाड भागात तिला चार अक्षरंही मिळालेली नाहीत. हे मी बाईंना परतल्यावर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, ''फाइल पुरुषांनीच लिहिलीय, मी फक्त झेरॉक्स काढते.''

इसवी सनपूर्व ४७३ मध्ये वू बुडालं, फूछायने आत्महत्या केली. त्या आधी म्हणे गौजिएनने वूला बियाणं म्हणून उकडलेलं धान्य धाडलं होतं, ते पेरलं आणि काहीच उगवलं नाही. जिंकल्यावर त्याचा सल्लागार फान ली रातोरात निघून गेला आणि दुसरा सल्लागार वन झोंग याला त्याने चिठ्ठी धाडली : ससे संपले की शिकारी कुत्रा शिजवतात. वन झोंग राहिला. काही दिवसांनी राजाने त्याला तलवार पाठवली, मरायला. फान ली व्यापारात उतरून गडगंज झाला, लोक आजही त्याला व्यापाऱ्यांचा देव मानतात. एकाच गोष्टीतून दोन छंगयू निघाले, एक कष्टांचा आणि एक कष्ट केलेल्यांचं पुढे काय होतं त्याचा. फाइलमध्ये ते दोन वेगवेगळ्या पानांवर होते.

त्याच दिवशी संध्याकाळी लेखक लू शुनच्या शाळेतलं ते प्रसिद्ध बाकही पाहिलं. वडील आजारी, त्यामुळे गहाणवट्याचं दुकान आणि औषधाचं दुकान अशा खेपा घालून एकदा त्याला शाळेत उशीर झाला, मास्तरांनी झापलं, तेव्हा त्याने बाकावर 'लवकर' असं एक अक्षर कोरलं. दोरीच्या पलीकडून दिसतं. गर्दी फार होती आणि बाहेर चौदोफूचा, म्हणजे कुजवलेल्या तोफूचा वास सुटला होता, त्यामुळे मी तिथे फार रेंगाळले नाही.

यू गोंगचा डोंगर आमच्या वर्गात चांगलाच तापला. यू गोंग या नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या दारासमोर थायहांग आणि वांगवू हे दोन डोंगर. तो मुलानातवंडांना घेऊन ते खणायला लागतो. शहाणा शेजारी हसतो. म्हातारा म्हणतो, मी मेलो तर मुलगा, मग त्याचा मुलगा. आमच्या पिढ्या वाढत जातील, डोंगर काही वाढायचा नाही. शेवटी स्वर्गातल्या राजाला दया येते आणि दोन देवपुत्र डोंगर उचलून नेतात. 'त्याने घर का हलवलं नाही?' हा वाद चिनी वर्गांत ठरलेला आहे, तो आम्हीही घातला. माओने ११ जून १९४५ ला पक्षाच्या सातव्या अधिवेशनाच्या समारोपात हीच गोष्ट सांगितली. डोंगर साम्राज्यवाद आणि सरंजामशाही, देव म्हणजे चिनी जनता. सांस्कृतिक क्रांतीत ते भाषण आणि आणखी दोन लेख सगळ्या देशाला पाठ करावे लागले. बाईंच्या आईला अजून येतात, म्हणे. जेवणाच्या टेबलावर मुलांनी चिडवलं की म्हणून दाखवते.

त्या तीनांतला एक लेख नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरवर आहे, आणि तिथून विषय आमच्या सोलापूरकडे वळला. बेथ्यूनच्या नावाचं जे रुग्णालय होतं त्याचे पुढे प्रमुख झाले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर बाईंनी फळ्यावर 'ख दीहुआ' लिहिलं. हे कोटणीसांचं चिनी नाव. त्याखाली 'ज्यू गोंग जिन त्स्वेइ' : वाकून, देह झिजेपर्यंत सेवा. तिसऱ्या शतकातल्या झूग ल्यांग या मंत्र्याच्या नावावर असलेल्या पत्रातले हे शब्द. ''हा जिवंत माणसाला सहसा लावत नाहीत,'' बाई म्हणाल्या. ''आणि स्वतःला तर कधीच नाही.'' तो दुसरा नियम.

मग उदाहरणं निघत गेली. 'हान शिन रू खू', तिखट तोंडात धरून, कडू गिळून : हे आईवडिलांनी, त्यातही एकट्या आईने मुलं वाढवली त्याबद्दल मुलं म्हणतात. आई म्हणत नाही. तारे पांघरून, चंद्र डोक्यावर घेऊन कामाला जाणारा माणूस 'पी शिंग दाय यूए' हे स्वतःबद्दल क्वचितच बोलतो, ते त्याची बायको सांगते. कझाक मुलीने निबंधात 'मी चिनी शिकण्यासाठी तिखट धरून कडू गिळलं' असं लिहिलं तेव्हा बाईंनी प्रेमाने विचारलं, ''मुलं किती आहेत तुला?''

यू गोंगचं एक चित्र बाईंनी पडद्यावर दाखवलं होतं, चित्रकार शू बेइहोंगचं. उघड्या अंगाचे, दांडग्या स्नायूंचे पुरुष कुदळी उगारून उभे. मला ती माणसं ओळखीची वाटली, आणि तशी ती होतीच : रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शू शांतिनिकेतनात राहिला, १९४० मध्ये हे चित्र त्याने भारतात काढलं आणि त्यासाठी भारतीय माणसं समोर उभी केली. शाईतलं मोठं चित्र चार मीटरांहून लांब आहे. जपानशी लढणाऱ्या चीनला धीर देणारं सगळ्यात गाजलेलं चित्र, आणि डोंगर फोडणारे हात आपले. मी मग बिहारच्या दशरथ मांझींची गोष्ट सांगितली, १९६० ते १९८२ अशी बावीस वर्षं हातोडा आणि छिन्नीने गेहलौरचा डोंगर फोडणारे. इराणी मुलाने विचारलं, शेवटी देव आला का? मी म्हटलं, नाही, नंतर सरकार आलं.

वर्गाबाहेर हे छंगयू मला सगळ्यात सहज भेटले ते यीवूत. अभ्यासक्रम संपत आला तेव्हा तिथल्या घाऊक बाजारात मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यासाठी चिनीत बोलायला मी दोनदा-तीनदा गेले. यीवू पूर्वी दरिद्री. तिथले लोक हिवाळ्यात शेतं रिकामी असताना खांद्यावर कावड आणि हातात डमरूसारखा खुळखुळा घेऊन गावोगाव हिंडायचे, गुळाच्या वड्या द्यायचे आणि बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायचे. आपल्याकडची बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडं देते, तसंच. पिसं खताला आणि झटकण्यांना. १९८२ मध्ये स्थानिक प्रशासनाने या फिरत्या लोकांना बसून बाजार मांडायची परवानगी दिली आणि त्यातून आज जगभर माल पाठवणारी ती अवाढव्य पेठ उभी राहिली. झेजियांगच्या व्यापाऱ्यांच्या कौतुकाला 'चार हजार' म्हणतात : हजार डोंगर तुडवले, हजार शब्द बोलले, हजार युक्त्या लढवल्या, हजार कष्ट गिळले. केसांच्या चिमट्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी हे सगळं सासऱ्यांबद्दल सांगितलं, कॅलक्युलेटरवर भाव दाखवता दाखवता. स्वतः त्या पहाटेपासून दुकानात होत्या आणि लेकरू काउंटरखाली झोपलेलं होतं. त्याबद्दल त्यांनी एक अक्षरही काढलं नाही. भावही कमी केला नाही.

पण माझ्या वयाचे चिनी लोक या शब्दांशी कसे वागतात ते वेगळंच. माझी भाषा-जोडीदार पदव्युत्तर वर्गातली. मी तिला इंग्रजी, ती मला चिनी. तिला मी कौतुकाने एक एक छंगयू म्हणून दाखवायचे आणि ती तोंड वाकडं करायची. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, या कामाच्या पद्धतीला तिथे '९९६' म्हणतात. २०१९ मध्ये 'अलीबाबा' कंपनीच्या जॅक मा यांनी ते भाग्य असल्याचं म्हटलं होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. त्याच वर्षी 'थांग फिंग', म्हणजे सरळ आडवं पडून राहणं, हा शब्द तरुणांच्या तोंडी झाला. मी पोचायच्या आधीच्या जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांतली बेकारी २१.३ टक्के नोंदली गेली आणि त्यानंतर सरकारने तो आकडा काही महिने प्रसिद्धच केला नाही. अशा वेळी कोणी पित्त चाखायला सांगितलं की ही मंडळी हसतात. ''कष्ट केल्याने यश मिळेलच असं नाही,'' ती म्हणायची, ''पण न केल्याने आराम नक्की मिळतो.'' हे तिचं नाही, तिच्या पिढीत सगळेच म्हणतात.

लोखंडी मुसळ घासून सुई करणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हाही तेच. लहानगा ली बाय अभ्यास टाकून ओढ्याकाठी भटकतो, म्हातारी दिसते, तिची चिकाटी बघून तो वर्गात परततो आणि थोर कवी होतो. सिच्वानमधल्या मेइशानजवळ त्या ओढ्याला अजूनही सुई घासायचा ओढा म्हणतात. माझ्या जोडीदाराचं ठरलेलं उत्तर : लोखंडाच्या मुसळाची सुई होते, लाकडाच्या मुसळाची फार तर दात कोरायची काडी होते. आपण वाळूचे कण रगडून तेल काढायला निघालेली माणसं, आपल्या मनाला हे लागतंच. मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात बोलून दाखवलं. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ''काड्यांचे घाऊक गिऱ्हाईक पुढच्याच स्टेशनावर, यीवूला आहेत. किती ट्रक पाठवतेस ते सांग.''

परीक्षेबद्दल थोडंच. एचएसके ६ च्या लेखी भागात हजारभर अक्षरांची गोष्ट दहा मिनिटं वाचायला देतात, मग कागद काढून घेतात आणि पस्तीस मिनिटांत ती चारशे अक्षरांत लिहायची. सरावाच्या गोष्टी जवळजवळ सगळ्या एकाच वळणाच्या : कोणी तरी हरतो, राबतो, जिंकतो. त्यात छंगयू कोंबायचा मोह होतो. बाईंनी सांगितलं होतं, दोन पुरेत, आणि तेही गोष्टीतल्या पात्राबद्दल. मी एकच लिहिला, मुलाला वाढवणाऱ्या आजीबद्दल. ३०० पैकी १८० ला उत्तीर्ण धरतात. मी त्याच्या सुरक्षित बाजूला राहिले, एवढं पुरे.

आता मी चाकणला एका कारखान्यात चिनी तंत्रज्ञांबरोबर दुभाषी म्हणून काम करते. यंत्रांच्या बोलण्यात छंगयू येत नाहीत. तिथे बोल्ट, गळती, व्होल्टेज आणि 'उद्या करू'. एक वयस्कर तंत्रज्ञ मात्र जेवणाच्या सुट्टीत रोज लेकीशी व्हिडिओवर बोलतात. ती बारावीला आहे, जूनमध्ये तिची काओखाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. परवा ते तिला भिंत कोरून उजेड घेणाऱ्या ख्वांग हंगची गोष्ट सांगत होते, अगदी रंगवून. फोन ठेवल्यावर मी विचारलं, ''दादा, जमिनीचं प्रकरण सांगितलंत का तिला?''

डब्यातला भात तसाच ठेवून ते आधी हसले. म्हणाले, ''ते परीक्षा झाल्यावर सांगू.''